फळी पाडताना भुसा कुठे मावतो?

बँड सॉची, म्हणजे पट्टीच्या यंत्र-करवतीची, पट्टी घ्यायला दुकानात गेले की एक सल्ला हमखास मिळतो: दाते जितके बारीक, तितका काप गुळगुळीत. प्लायवूडसाठी हा सल्ला योग्यच आहे. परंतु जाड लाकूड उभे चिरून त्याच्या पातळ फळ्या पाडायच्या असतील, तर तोच सल्ला काम बिघडवतो, आणि का बिघडवतो हे समजण्यासाठी शाळेत शिकलेल्या क्षेत्रफळापलीकडे फारसे काही लागत नाही. हा सल्ला मानून मी स्वतः एकदा चांगले सागवान वाया घालवले आहे. उतरवलेल्या जुन्या वाड्याच्या तुळईचा २०० मिलिमीटर उंचीचा तुकडा मी इंचाला १२ दाते असलेल्या नव्याकोऱ्या पट्टीने चिरायला घेतला. वीतभर काप जाण्याआधीच पट्टीचा आवाज बदलला, चिरेतून धूर आणि तेलकट सागाचा जळका वास येऊ लागला. फळी सुटी झाली तेव्हा तिचा चिरलेला पृष्ठभाग काळपट, चकचकीत आणि मधोमध तीन मिलिमीटर फुगलेला होता. वरची आणि खालची कड मात्र आखलेल्या रेघेवर अगदी बरोबर होती.

बँड सॉ म्हणजे दोन चाकांवरून फिरणारी पोलादी पट्टीची अखंड करवत. ही कल्पना इंग्लंडमधील विल्यम न्यूबेरी याची, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची; परंतु पट्टीची दोन टोके टिकाऊ रीतीने जोडता येत नसल्याने ती बरीच वर्षे मागे पडली, आणि १८४६ मध्ये पॅरिसच्या आन पोलिन क्रेपां या महिलेने सांधा जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतल्यावर तिला चालना मिळाली. फळ्या पाडण्यासाठी हे यंत्र का वापरतात, त्याचे उत्तर चिरेच्या रुंदीत आहे. गोल करवतीची चीर सुमारे ३ मिलिमीटर रुंद असते, तर लहान बँड सॉची सुमारे १ मिलिमीटर. ५० मिलिमीटर जाडीच्या सागवानातून ६ मिलिमीटरच्या फळ्या पाडल्या, तर गोल करवतीने पाच निघतात आणि बँड सॉने सात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक दाता लाकडाचा अत्यंत पातळ पापुद्रा खरवडतो, पण त्याचा भुसा तेथल्या तेथे बाहेर पडत नाही. दाता लाकडात वरून शिरतो, खालून बाहेर येतो, आणि तोवर खरवडलेला सगळा भुसा त्याला आपल्या पुढच्या खाचेत सांभाळून न्यावा लागतो. म्हणजे दोन दात्यांमधील खाच ही नुसती मोकळी जागा नसून भुशाची टोपली आहे. २० मिलिमीटरच्या प्लायमध्ये ही टोपली दोन सेंटिमीटर प्रवास करून रिकामी होते; तुळईत तिला दहापट अंतर जावे लागते आणि त्या सगळ्या अंतरात ती भरतच राहते.

चौदा इंची चाकांच्या यंत्रावर पट्टीचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर असतो. आपण लाकूड मिनिटाला दीड मीटर, म्हणजेच सेकंदाला २५ मिलिमीटर, सरकवतो असे धरू. पट्टीला इंचाला ३ दाते असतील, तर लगतच्या दोन दात्यांत साधारण ८.५ मिलिमीटर अंतर असते, आणि एका दात्याच्या जागी पुढचा दाता येईपर्यंत लाकूड ०.०१४ मिलिमीटर पुढे सरकते. तेवढाच जाड पापुद्रा त्या दात्याच्या वाट्याला येतो. त्याला २०० मिलिमीटर उंचीने गुणले की पट्टीच्या बाजूने दिसणारे पापुद्र्याचे क्षेत्रफळ सुमारे २.८ चौरस मिलिमीटर भरते. लाकडाचा भुसा झाला की तो फुलतो. तो तिप्पट जागा व्यापतो असे मानले तर सुमारे ८.५ चौरस मिलिमीटर जागा लागेल. अशा पट्टीची खाच तीनेक मिलिमीटर खोल असते, आणि तिचा आकार ढोबळमानाने त्रिकोणी धरला तर क्षेत्रफळ १३ चौरस मिलिमीटरच्या आसपास येते. भुसा मावतो, वर थोडी जागाही उरते. (पट्टीचे दाते आळीपाळीने डावीउजवीकडे वाकवलेले असल्याने प्रत्यक्षात सगळे दाते सारखा काप घेत नाहीत; हा बारकावा येथे सोडून दिला आहे.)

आता इंचाला १२ दाते असलेली पट्टी घेऊ. दात्यांमधील अंतर चौथाई झाले, म्हणून प्रत्येक दात्याच्या वाट्याचा पापुद्राही चौथाई झाला. फुललेल्या भुशाला आता सुमारे २.१ चौरस मिलिमीटर जागा पुरे. परंतु खाच लांबीलाही चौथाई झाली आणि खोलीलाही, त्यामुळे तिचे क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शावर, म्हणजे ०.८ चौरस मिलिमीटरवर आले. भुसा अंतराच्या प्रमाणात घटतो आणि त्याची टोपली अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. या एका वाक्यात माझ्या जळक्या फळीचे सगळे कारण आहे, आणि हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा मला जो आनंद झाला होता, तो अजूनही ओसरलेला नाही. २० मिलिमीटरच्या प्लायसाठी हीच आकडेमोड केली, तर त्याच बारीक खाचेत जेमतेम ०.२ चौरस मिलिमीटर भुसा येतो, म्हणून तेथे बारीक दाते चालतात, नव्हे, तेच हवे असतात.

मग बारीक दात्यांनी हळूहळू कापावे, असे कोणी म्हणेल. टोपली ओसंडू नये म्हणून लाकूड मिनिटाला अर्ध्या मीटरच्या आसपास सरकवावे लागेल आणि पापुद्रा ०.००१३ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका, पातळ होईल. दात्याची धार स्वतःच काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोलसर असते, त्यामुळे इतक्या पातळ थरात ती रुतत नाही, नुसती घासते. घासण्याने उष्णता वाढते, धार आणखी बोथट होते, आणि सागात तर ही झीज अधिकच, कारण सागाच्या लाकडात वाळूचाच घटक असलेली सिलिका असते.

खाचेत न मावलेला भुसा पट्टीची बाजू आणि चिरेची भिंत यांच्यामध्ये शिरून पट्टी तापवतो. दात्यांकडची कड तापून लांबते, त्यामुळे नेमका तिथलाच ताण उतरतो. पट्टी कापेनाशी झाली म्हणून आपण लाकूड अधिक जोराने रेटतो. यानंतर काय होते ते घरी पाहता येईल. पोलादी पातळ फूटपट्टी दोन्ही टोकांना धरून उभी करावी आणि तिच्या कडेवर मधोमध दुसऱ्या कोणाला दाबायला सांगावे. ती कडेच्या दिशेने खाली वाकत नाही, एका बाजूला पीळ घेऊन सटकते. बँड सॉच्या पट्टीला वर आणि खाली गाईडचा, म्हणजे तिला बाजूला सरकू न देणाऱ्या टेकूंचा, आधार असतो, म्हणून फळीच्या कडा सरळ राहतात आणि मध्ये पोट येते. पुष्कळदा याला पट्टीचा ‘स्वभाव’ म्हणतात आणि तिरकी फेन्स (टेबलावरची जिला टेकवून लाकूड सरकवतात ती सरळ कड) लावून तो सांभाळतात. एका बाजूचे दाते बोथट असतील किंवा सारखे वाकवलेले नसतील तर पट्टी तिरकी ओढते हे खरे आहे. पण पोट येणे हा वेगळा दोष आहे आणि फेन्स कितीही फिरवली तरी तो जात नाही.

पट्टी तुटण्याविषयीही असाच एक समज आहे. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहण्यामागची कृतज्ञता मला मनापासून पटते. परंतु पट्टी वारंवार तुटते म्हणून नजर लागल्याचे मानून यंत्रावर लिंबू-मिरची टांगणे म्हणजे खऱ्या कारणाकडे पाठ फिरवणे होय. चाकावर वाकताना पट्टीत निर्माण होणारा ताण हा पोलादाचा लवचिकता गुणांक (ते ताणले जायला किती विरोध करते ते सांगणारा आकडा) गुणिले पट्टीची जाडी भागिले चाकाचा व्यास, इतका असतो. ०.६ मिलिमीटर जाडीची पट्टी आणि ३५० मिलिमीटरचे चाक घेतले, तर तो सुमारे ३४० मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) येतो, पट्टी ०.८ मिलिमीटरची घेतली की तोच ४५० च्या पुढे जातो. पावणेतीन मीटरच्या आतबाहेर लांबीची पट्टी तासाला सुमारे चाळीस हजार वेळा अशी वाकते आणि सरळ होते, आणि तार वारंवार वाकवून तोडावी तशी अखेर खाचेच्या तळाशी किंवा सांध्याशी तडकते. त्यामुळे लहान यंत्रावर ‘जाड म्हणजे मजबूत’ हे खरे नाही. तेथे रुंद पण पातळ पट्टीच घ्यावी.

जुळवणी यंत्राचा प्लग काढून करावी. आधी पट्टीला पुरेसा ताण द्यावा, मग चाक हाताने फिरवत वरच्या चाकाचा कल असा ठेवावा की पट्टी चाकाच्या मध्यावर स्थिर धावेल. टेबल पट्टीशी काटकोनात आहे का, ते गुण्याने तपासावे. बाजूचे गाईड पट्टीपासून कागदाच्या जाडीइतके दूर आणि खाचांच्या किंचित मागे हवेत, म्हणजे दाते त्यांना घासत नाहीत. पट्टीला मागून आधार देणारे बेअरिंग यंत्र मोकळे फिरताना तिला टेकता कामा नये. वरचे गाईड लाकडाच्या माथ्यापासून बोटभर उंचीवर आणावे, कारण पट्टीचा निराधार भाग जितका लांब, तितकी ती लवकर पीळ घेते. जुन्या तुळईवर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत, तिची एक बाजू आणि एक कड रंधून सपाट करावी, आणि शेवटच्या दोन-तीन इंचांना हात न लावता लाकडी दांड्याने रेटावे.

त्याच तुळईचा उरलेला तुकडा मी पुढे इंचाला ३ दात्यांच्या पट्टीने चिरला. यंत्राखाली पडलेला भुसा पिठासारखा नव्हता, रव्यासारखा दाणेदार होता आणि हाताला जेमतेम कोमट लागत होता. फळीवर दात्यांच्या आडव्या रेषा उमटल्या होत्या, त्या रंध्याच्या दोन हातांत गेल्या. पोट कुठेही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दोन फळ्या चिरलेल्या अंगाकडे किंचित खोलगट झालेल्या दिसल्या. तो पट्टीचा दोष नव्हता: जाड लाकडाचे अंतरंग बाहेरच्या थरापेक्षा दमट असते, ते चिरल्यावर उघडे पडते, वाळते आणि आकसते. म्हणून फळ्या गरजेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर जाड पाडून, मध्ये सारख्या जाडीच्या काठ्या घालून, वर वजन ठेवून आठवडाभर रचून ठेवाव्यात, आणि पावसाळा असेल तर आणखी काही दिवस.