एएनएमची नोकरी आणि घर सांभाळून जीएनएम: पात्रता, कागदपत्रे आणि आठवड्याच्या तासांचा हिशोब

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. पत्राद्वारे, शनिवार-रविवारी किंवा संध्याकाळच्या वर्गांतून केलेल्या जीएनएमला मान्यता नाही, आणि रोजची आठ तासांची दिवसपाळी करत तो रीतसर पूर्ण होत नाही. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका) म्हणून नोकरी करणाऱ्या, घरी शाळकरी मुलं असलेल्या ताईंना ही गोष्ट सगळ्यांत आधी माहीत हवी. रजा, पैसे, मुलांची शाळा, घरच्यांशी बोलणं, सगळं नियोजन तिच्यावरच उभं राहतं. नोकरीची वेळ बदलून, तास कमी करून किंवा रजा घेऊन हे शिक्षण करता येतं. कागद मात्र निदान एक वर्ष आधीपासून जमवायला लागा.

नोंदणीकृत म्हणजे नेमकं काय

महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका अधिनियमानुसार महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल नोंदणी करते. एएनएम झालेल्यांची नोंद आरएएनएम म्हणून होते. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांची नोंद आरएन आणि आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका अशी होते. सरकारी अधिपरिचारिकेचं पद, जीएनएमनंतरची पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही पदवी, परदेशातल्या परीक्षा, या सगळ्यांना ही दुसरी नोंद लागते. वॉर्डात काम तेच करत असलात तरी आरएएनएमच्या नोंदीवर ही दारं उघडत नाहीत.

‘सहा महिन्यांत नर्स’, ‘बेडसाइड असिस्टंट’, ‘होम नर्सिंग’ अशा कोर्सचं प्रमाणपत्र कौन्सिलच्या कोणत्याच नोंदीला चालत नाही. ‘हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या’ असं सांगून परराज्यातली पदविका देणारे एजंट भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. परराज्यात शिकलेल्यांना आधी त्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, मग तिथला ना-हरकत दाखला आणून इथे नोंद हलवावी लागते. त्या पडताळणीत ज्या काळात तुम्ही पुण्यात पगारपत्रकावर होता, त्याच काळात दुसऱ्या राज्यात वॉर्ड पोस्टिंग (रुग्णालयातलं प्रात्यक्षिक काम) केल्याचं दिसलं, तर लाखो रुपये आणि तीन वर्षं दोन्ही जातात. प्रवेश घेण्याआधी संस्थेचं नाव कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते स्वतः पाहा. जीएनएमसाठी ती संस्था महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाशी संलग्न हवी, बी.एस्सी.साठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी.

तुमच्यासाठी कोणता रस्ता

आरएएनएम नोंदणी असलेल्यांसाठी सरळ रस्ता जीएनएमचा. तो तीन वर्षांचा आहे. सर्वसाधारण उमेदवाराला बारावीत एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ४० टक्के लागतात. शाखा कोणतीही चालते, विज्ञान असेल तर उत्तम. राज्य कौन्सिलकडे नोंदणी असलेली एएनएम मात्र त्या नोंदणीच्या आधारावरच पात्र ठरते. वयाची अटही इथे महत्त्वाची आहे. इतरांसाठी ती १७ ते ३५ वर्षं आहे, एएनएमसाठी कमाल वयाची मर्यादा नाही. चाळिशी गाठलेल्या कितीतरी जणी ‘आता वय गेलं’ म्हणून चौकशीच करत नाहीत. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या नियमात हा अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजीसह ४५ टक्के, शिवाय सीईटी. कला शाखेतून बारावी झालेल्यांना हा रस्ता बंद आहे. त्यांनी जीएनएम करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं, नर्सिंगची पदवी हातात येते. जीएनएमनंतर नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. सेवेतल्या परिचारिकांसाठीच आखलेलं आहे. त्याची मुदत किमान तीन वर्षं आहे, नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि प्रवेश परीक्षा असते. नोकरी आणि शिक्षण खऱ्या अर्थाने सोबत चालतं ते या टप्प्यावर, जीएनएमच्या टप्प्यावर नाही.

कागदपत्रं: अडतं ते इथेच

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, एएनएमच्या गुणपत्रिका आणि पदविका, चालू मुदतीचं आरएएनएम प्रमाणपत्र, आधार, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, विहित नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, फोटो. ही झाली साधी यादी. कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. नोकरीच्या धबडग्यात ते राहून गेलेलं असेल तर आधी तेच करा, कारण एएनएम म्हणून मिळणारी वयाची सवलत या नोंदणीवरच टिकते.

विवाहित ताईंचा पहिला अडथळा नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, एएनएमच्या नोंदणीवर सासरचं, आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगमध्ये. अर्ज भरताना दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव भरा आणि संपूर्ण शिक्षणात तेच ठेवा. नावं जोडणारे पुरावे म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची प्रत जवळ हवी. लग्न झालं पण नोंदणीच केली नाही अशी घरं खूप आहेत. ती नोंदणी आता, प्रवेशाच्या आधी करून घ्या. दुसऱ्या वर्षात मध्येच नाव बदलू नका. तीन गुणपत्रिका दोन नावांवर असल्या की शेवटी कौन्सिलच्या नोंदणीत अडकतं.

दुसरा अडथळा जातीच्या कागदांचा. स्त्रीची जात वडिलांकडून धरली जाते, लग्नाने बदलत नाही. जात प्रमाणपत्र, पडताळणी, वंशावळ, सगळे पुरावे माहेरचे लागतात. पडताळणीसाठी ठरलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा हवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा हा सगळ्यांत कामाचा कागद. तो काढायला भावाला किंवा चुलत्यांना गावच्या शाळेत पाठवावं लागतं, आणि सुट्टीत मुख्याध्यापक भेटत नाहीत. दिवाळीला माहेरी जाल तेव्हाच हे काम उरकून घ्या.

नॉन क्रीमी लेअर, म्हणजे मागासवर्गातल्या सधन गटात नसल्याच्या प्रमाणपत्रातही माहेर-सासरची हीच चूक होते. सेतू केंद्रात नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला जोडला जातो आणि अर्ज परत येतो. क्रीमी लेअर ठरतो तो उमेदवाराच्या आई-वडिलांच्या स्थितीवरून, नवऱ्याच्या पगारावरून नाही. ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या आरक्षणात) उलट आहे. तिथे कुटुंबात नवराही धरला जातो आणि त्याचं उत्पन्न मोजलं जातं. नॉन क्रीमी लेअरची मुदत प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत हवी. तारीख वाचून मगच अपलोड करा.

तिसरा कागद बहुतेकांच्या लक्षातच नसतो: खंडाचं प्रतिज्ञापत्र. बारावी किंवा एएनएमनंतर मधली वर्षं काय केलं ते त्यात लिहायचं असतं. त्यातल्या तारखा अनुभव प्रमाणपत्राशी जुळल्या पाहिजेत. एका ठिकाणी जून २०१८ आणि दुसरीकडे ऑगस्ट २०१८ लिहिलं, तर पडताळणीच्या खिडकीवर परत पाठवतात.

हेपटायटिस-बीची लस शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन डोसांत पूर्ण होते. कॉलेजं तिचा दाखला मागतात, आणि वॉर्डात सुईशी काम करणाऱ्या प्रत्येकीने ती घेतलेली असायलाच हवी. प्रवेशाच्या महिन्यात सुरू केली तर सहा महिने अपूर्णच राहते.

सगळ्या कागदांचे साक्षांकित प्रतींचे तीन संच आणि स्कॅन करून ठेवा. मूळ कागद कॉलेजात द्यावे लागले तर शिक्का-तारखेसह पोच घ्या.

राजीनामा कधी द्यायचा

त्या वर्षाची माहिती पुस्तिका आली की आधी वेळापत्रक छापून भिंतीवर लावा. प्रवेश फेरीत जागा मिळाल्यावर कॉलेजात हजर होण्यासाठी मोजकेच दिवस असतात. तुमच्या नेमणूक पत्रात एक महिन्याची नोटीस असेल तर तारखांची ओढाताण ठरलेलीच. गुणवत्ता यादीत नाव आल्यावर मेट्रनशी (रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकेशी) मोकळेपणाने बोला, लेखी राजीनामा मात्र जागा निश्चित झाल्यावरच द्या, आणि शिल्लक रजा नोटीसच्या दिवसांत वळती करून मागा. निघताना कार्यमुक्तीचं पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र एकाच दिवशी हातात घ्या. सहा महिन्यांनी मागायला गेलात की इन्चार्ज बदललेल्या असतात.

नियमित सरकारी सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ खाली अध्ययन रजा आहे. पाच वर्षांची सेवा लागते, आणि संपूर्ण सेवेत ही रजा साधारण २४ महिन्यांपर्यंत मिळते. म्हणून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक तिच्यात बसतं, तीन वर्षांचं जीएनएम बसत नाही. उरलेल्या काळासाठी दुसरी रजा जोडावी लागते आणि ती मंजूर करणं कार्यालयाच्या हातात असतं. परत आल्यावर सेवा देण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. अर्ज करण्याआधीच ना-हरकत दाखला मागा, निवड झाल्यावर नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी ताईंना ही रजा लागू होत नाही. त्यांनी नोकरी सुटेल असंच धरून घरखर्च आखावा.

आठवड्याचे १६८ तास

कॉलेज आणि पोस्टिंग मिळून आठवड्याला सुमारे ४० तास. झोप रोज सात तास धरली तर ४९. उरले ७९. त्यात ४८ तासांची नोकरी घातली की ३१ उरतात, दिवसाला साडेचारच्याही आत. त्यातच प्रवास, डबे, मुलांचा अभ्यास आणि स्वतःचा अभ्यास. हे एखादा महिना निभतं, वर्ष निभत नाही. नोकरी २४ तासांवर आणली तर ५५ तास उरतात आणि गाडी चालते.

हे २४ तास बसवायचे कसे, तर शनिवारची एक बारा तासांची रात्र आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी एखाद्या दवाखान्यात चार-चार तास. रविवारी सकाळी झोप मिळते आणि सोमवारच्या वॉर्डात डोळे उघडे राहतात. मधल्या वारी नाईट घेऊन सकाळी सातला पोस्टिंगला उभं राहू नका. रात्रभर जागलेला माणूस औषधाचा डोस मोजताना चुकतो, आणि ती चूक रुग्णाच्या अंगावर जाते.

हजेरीचा नियम नीट समजून घ्या. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी लागते. पदविका मिळायला मात्र प्रात्यक्षिकाचे १०० टक्के तास भरावेच लागतात. म्हणजे मुलाच्या तापात बुडवलेला वॉर्डचा दिवस माफ होत नाही, नंतर भरून द्यावा लागतो. हे दिवस साठू देऊ नका, त्याच महिन्यात पोस्टिंग वाढवून मागा. शेवटी तीस-चाळीस दिवस शिल्लक राहिले की वर्गातल्या मुलींचा निकाल लागतो आणि तुमचा अडकतो.

तिसऱ्या वर्षाचं प्रसूती पोस्टिंग सगळ्यांत जड. केसबुकात, म्हणजे तुम्ही केलेल्या कामाच्या नोंदवहीत, प्रत्येक प्रसूतीची नोंद आणि सही लागते. दुपारी एकला गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलेली माता तुम्ही तपासली, तिचा पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) भरला, आणि चारला संध्याकाळच्या नोकरीला निघालात. ती आठला बाळंत झाली. केसबुकातली ती ओळ दुसऱ्या विद्यार्थिनीची झाली. या पोस्टिंगपुरत्या संध्याकाळच्या पाळ्या पूर्ण बंद ठेवा. शेवटच्या इंटर्नशिपमध्ये आठवड्याला ४८ तास जातात, त्यामुळे त्या महिन्यांचा घरखर्च आधीच बाजूला काढलेला हवा. शैक्षणिक कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून होतो. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा तारण मागत नाहीत. बोनाफाइड आणि वर्षनिहाय शुल्काचं पत्र कॉलेजातून प्रवेशाच्या आठवड्यातच घ्या.

वसतिगृहाचंही आधी विचारा. काही संस्था पहिल्या वर्षी वसतिगृहात राहणं सक्तीचं करतात. विवाहितांना घरून येण्याची परवानगी देणार असतील तर ती लेखी घ्या. आणि घरी सांगताना ‘मदत कराल ना’ एवढ्यावर थांबू नका. सकाळी सातला पोस्टिंग असताना मुलाला शाळेच्या रिक्षात कोण बसवणार, नाईट असेल तेव्हा त्याच्याजवळ कोण झोपणार, परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाक कोणाचा, हे नावानिशी ठरवा. सासूबाईंच्या तब्येतीवर सगळं टाकलं असेल तर दुसरं नावही ठरलेलं हवं.

निकालानंतरची नोंदणी

उत्तीर्ण झालात म्हणजे लगेच नोंदणीकृत झालात असं नाही. कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. त्याला तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, पदविका किंवा उत्तीर्ण प्रमाणपत्र, प्रशिक्षण आणि इंटर्नशिप पूर्ण केल्याचं संस्थेचं प्रमाणपत्र, दहावी-बारावीची कागदपत्रं, जुनं आरएएनएम प्रमाणपत्र आणि नाव बदललं असल्यास विवाह नोंदणी किंवा राजपत्र लागतं. संस्थेच्या प्रमाणपत्रावरच्या प्रशिक्षणाच्या तारखा आणि गुणपत्रिकांवरची सत्रं ताडून पाहा, चूक असेल तर प्राचार्यांकडून तिथेच दुरुस्त करून घ्या. राष्ट्रीय नोंदवहीचा एनयूआयडी क्रमांक आधारशी जोडलेला असतो, म्हणून आधारवरचं नाव आणि मोबाइल क्रमांक अर्जाआधी नीट करा. नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत स्टाफ नर्स म्हणून रुजू होऊ नका, आणि रुग्णालयाने ‘नंतर द्या’ म्हटलं तरी नेमणूक पत्रावर तो क्रमांक लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.