जामीन

जामीन म्हणजे अटक झालेल्या आरोपीला खटला संपायच्या आधी काही अटींवर सोडणं. जामिनावर सुटणं म्हणजे निर्दोष सुटणं नाही, केस चालूच राहते आणि तारखेला हजर राहावंच लागतं, बातम्या वाचताना हा फरक फार पटकन विसरला जातो.

शब्द मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आला, आणि त्याचा अर्थ सुटका असा नव्हताच, दुसऱ्याची हमी घेणारा माणूस असा होता. हिंदीतलं जमानत त्याच धातूतलं, जमिनीशी मात्र काही संबंध नाही. मराठीतही जामीन आधी माणूसच होता, म्हणून तर "मी त्याला जामीन राहतो" असं आपण अजून म्हणतो. जुन्या व्यवहारात हाजीर जामीन आणि माल जामीन असे प्रकार असायचे, पहिला माणसाला हजर करायची हमी घ्यायचा, दुसरा पैसे भरायची. पुढे सुटकेलाच जामीन म्हणायला लागले आणि त्या माणसाला आता बहुतेक जामीनदार म्हणतात.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामीनपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात जामीन हक्काने मिळतो असा गुन्हा, कोणता ते दिलं होतं पण खुद्द जामिनाची व्याख्या नव्हती, ती त्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आली.

पण ज्याच्यासाठी उभं राहायला ऐपतवाला कोणी नाही त्याने काय करायचं, हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. १९७८ च्या मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने एका गवंड्याला जामीन दिला होता, तरी खालच्या मॅजिस्ट्रेटने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि सख्खा भाऊ पुढे आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे साफ चुकीचं ठरवलं आणि १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जातमुचलका म्हणजे जामीनदाराशिवाय आरोपीने स्वतःच लिहून दिलेली हमी. आता कायद्यातच आहे की जामीनपात्र गुन्ह्यात अटक झाल्यापासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही तर आरोपी निर्धन आहे असं धरायचं आणि त्याला जातमुचलक्यावर सोडायचं.