बारीक कंबर आणि काढलेल्या बरगड्या

‘जुन्या काळी युरोपातल्या बायका कंबर बारीक व्हावी म्हणून बरगड्या काढून घेत,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत एकोणिसाव्या शतकातलं एखादं फ्रेंच व्यक्तिचित्र असतं, आणि ते पाहून खरंही वाटतं.

पण शस्त्रक्रियेत ईथरची भूल रुळली ती १८४६ नंतर, जंतुनाशकं १८६७ नंतर. त्याआधी अंगावर सुरी चालवून घेणं म्हणजे जिवाशी खेळ. हौसेपोटी कोण करणार?

मग कंबर? चित्रातला घेरदार झगा तळहाताने झाकून बघा. फुगीर बाह्या आणि घेर यांच्या मधोमध ती बारीक भासत होती. कॉर्सेट (धडाभोवती नाडीने बांधायची ताठ चोळी) आवळायचंच, पण पाठीमागे नाडीत बहुधा फट राहायची. त्यामुळे कॉर्सेटच्या दोन्ही कडा जुळवून घेतलेलं माप म्हणजे बाईच्या कंबरेचं माप नव्हे. जुन्या धर्तीचे पोशाख शिवून घालणाऱ्यांना हे पहिल्या फिटिंगलाच कळतं.

उरलेलं काम कुंचल्याचं. आंग्र या चित्रकाराची १८१४ सालची पहुडलेली ‘ओडालिस्क’ (जनानखान्यातली स्त्री) पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. तिच्या पाठीत तीन मणके जास्त आहेत, अशी टीका तेव्हाच झाली होती. ते मणके चित्रकाराने घातले होते, शल्यविशारदाने नाही.