शेंडा खुडायला हात धजत नाही? मग बास्केट टकली होणारच

हँगिंग बास्केट नवीन असताना काय तोरा असतो तिचा, आणि मग महिना-दीड महिन्यात मधूनच टक्कल पडायला लागतं, फांद्या दोरीसारख्या लोंबतात आणि फुलं म्हणाल तर पार टोकाला दोन-चार. आपण खताला नाहीतर उन्हाला बोल लावतो, पण बरेचदा आपण कात्रीच लावलेली नसते.

पिट्यूनिया घ्या, व्हर्बिना घ्या नाहीतर फ्युशिया, पानाच्या बेचक्यात एक बारीक डोळा, म्हणजे नव्या फांदीचा कोंब, झोपलेला असतो आणि त्याला झोपवून ठेवतो तो शेंडा. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक बनतं, ते खोडातून खाली उतरत राहतं आणि तोवर खालचे डोळे काही उठत नाहीत. १९३३ मध्ये थिमन आणि स्कूग ह्या दोन शास्त्रज्ञांनी एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा उडवून कापलेल्या जागी नुसतं ऑक्सिन लावलं, तर डोळे झोपलेलेच! २०१४ मध्ये वाटाण्यावर केलेल्या प्रयोगात आणखी एक गंमत दिसली, शेंडा गेला की त्याच्याकडे जाणारी साखर खालच्या डोळ्यांकडे वळते आणि तीही ऑक्सिन ओसरायच्या आधीच. म्हणजे धाक होताच, पण वरचा सगळं खाऊनही टाकत होता.

म्हणून रोप लहान असतानाच शेंडा खुडायचा. पुढे दर आठवड्याला दोन-तीन लांब फांद्या निम्म्यावर कापायच्या, सगळ्या एकदम नको, नाहीतर काही आठवडे फूलच दिसणार नाही (मी एकदा हा पराक्रम केलाय).

सुकलेलं फूल काढताना नुसत्या पाकळ्या ओढून भागत नाही. खालचा हिरवा फुगवटा राहिला की त्यात बी धरतं, आणि एकदा बिया भरायला लागल्या की झाडाची ताकद तिकडे जाते, नवीन कळ्या कमी येतात. पिट्यूनियाचं बी तर इतकं बारीक की ग्रॅमभरात हजारो मावतात.

पाण्याचं गणित मात्र जमिनीवरच्या कुंडीपेक्षा वेगळं. टांगलेल्या बास्केटला चहूबाजूंनी वारा लागतो, माती थोडीशी, त्यामुळे कडक उन्हात दिवसातून दोनदाही पाणी लागतं. तेवढं पाणी खालून वाहताना खतातलं नायट्रेट (म्हणजे झाडाला लागणारं नत्र) घेऊन जातं, कारण नायट्रेटवर ऋण भार आणि मातीच्या कणांवरही बहुतेक ऋणच, मग ते त्याला धरून ठेवणार कसं? त्यामुळे एकदाच भरपूर खत टाकण्यापेक्षा पाण्यात विरघळणारं खत पातळ करून दर आठवड्याला दिलेलं बरं.

आणि बास्केटमध्ये भरलेलं पीटचं (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचं) मिश्रण एकदा कडकडीत वाळलं की ते पाणी झटकतं, आकसून कडेला फट पडते, वरून ओतलेलं सगळं त्या फटीतून खाली. आपल्याला वाटतं काय मस्त पाणी घातलं, आतला गोळा कोरडाच. अशा वेळी बास्केट सरळ पाण्याच्या टबात बसवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. एरवी खालून हात लावून उचलून बघायचं, हलकी लागली की तहानलेली.