शिकवणी आणि सोबत: शाळेतून मन उडालेल्या मुलाला आधी काय हवं?

पारोळा तालुक्यातल्या एका गावात मी आठवड्यातून तीन संध्याकाळी जाते. काम अर्धवेळ, मानधन थोडं. शाळेकडे पाठ फिरवू लागलेल्या मुलांची मार्गदर्शक, असं कागदावर लिहिलंय. पहिल्याच आठवड्यात एका आईने विचारलं, "ताई, क्लासनी फी कितली शे?" मी क्लास घेत नाही म्हटल्यावर ती गोंधळली. तिचं काही चुकलं नव्हतं. वही-पुस्तक घेऊन मुलाशेजारी बसलेली बाई म्हणजे शिकवणीवालीच वाटणार.

शिकवणी धड्यापासून सुरू होते. अपूर्णांक अडले, इंग्रजी कच्चं राहिलं, तर तिथून पुढे न्यायचं. मूल आलं नाही तर तो तास बुडाला. माझं काम मात्र मूल येत नाही तिथूनच सुरू होतं.

त्या बाईंचा आठवीतला मुलगा रोज दप्तर घेऊन निघायचा आणि बसस्टँडवर बसून राहायचा. मी त्याला अभ्यासाचं काहीच विचारलं नाही. कपाशीची वेचणी चालू होती, तेव्हा बांधावर बसून आम्ही कापसाच्या भावाबद्दल, त्याच्या गोऱ्ह्याबद्दल बोलायचो. चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, "माले शायामा करमत नही." मग हळूहळू कारण कळलं. वर्गात मोठ्याने वाचताना त्याने 'फळ'चं 'फय' केलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. इथल्या अहिराणी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, घरात सगळे तसंच बोलतात. त्याला मात्र वाटलं, आपल्याला वाचताच येत नाही.

याच टप्प्यावर त्याला शिकवणी लावली असती, तर पळून जायला आणखी एक जागा तयार झाली असती, असं मला मनापासून वाटतं. मी वर्गशिक्षकांना भेटले. काही दिवस त्याला एकट्याला उभं करून वाचायला लावू नका, चार मुलांच्या गटात वाचू द्या, एवढंच मागितलं. त्यांनी ते ऐकलं.

शाळेशी असं बोलत राहणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. शिकवणीवाल्यांचं शाळेशी फारसं देणंघेणं नसतं, आणि शाळेतल्याच शिक्षकांनी खासगी शिकवणी घ्यायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने मनाई आहे.

पण नुसत्या सोबतीवर सगळं भागत नाही. तो मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर दिसलं की पाचवीपासूनचं गणित खरोखरच राहून गेलंय. तेव्हा मीच त्याच्या आईला म्हटलं, आता शिकवणी लावा. जे मूल मुळात वाचूच शकत नाही, त्याच्याशी नुसत्या गप्पा मारत वर्ष घालवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून मी हल्ली महिन्याभरातच एक सोपं पान सोबत वाचून बघते, चौघांत नाही, आम्ही दोघंच असताना.

आणखी एक फरक आहे, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. शिकवणीत मूल उत्तरं सांगतं, इथे ते घरातलं सांगतं. "कुणाला सांगणार नाही ना?" असं विचारलं की हो म्हणावंसं वाटतं. मी म्हणत नाही. तुला कुणी इजा करत असेल तर मला सांगावंच लागेल, हे पहिल्याच भेटीत बोलून ठेवते. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मी मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून देते.

अर्धवेळ काम म्हणून कुणी यात येणार असेल, तर जून ते एप्रिल हातात आहेत का, हे आधी बघावं. शिकवणीचे सर मध्येच बदलले तर नवे सर पुढच्या धड्यापासून सुरू करतात. आपण दिवाळीनंतर जाणं बंद केलं, तर ते मूल पुढे येणाऱ्या माणसाला बसस्टँडवरची जागाही सांगत नाही.