घड्याळ पुढे सरकले ते शेतकऱ्यांसाठी नव्हे

उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची अमेरिकेतील पद्धत शेतकऱ्यांच्या सोयीसाठी सुरू झाली, हा जुना समज चुकीचा तर आहेच, शिवाय त्या शेतकऱ्यांवर अन्याय करणाराही आहे. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने ३० एप्रिल १९१६ रोजी हा बदल केला आणि १९१८ मध्ये अमेरिकेने तो स्वीकारला. शेतकऱ्यांनी मात्र त्याला कडाडून विरोध केला, कारण गवतावरचे दव ऊन चढल्यावरच वाळते, गाईंची दूध देण्याची वेळ घड्याळाबरोबर सरकत नाही, आणि मजूर मात्र नव्या वेळेनुसार, काम अर्धवट असतानाच, घरी निघत. अखेर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने ती तरतूद रद्द केली.