सालामांकाची दोन कॅथेड्रल आणि त्यांचा मऊ दगड

स्पेनमधल्या सालामांका शहरात दोन कॅथेड्रल, म्हणजे बिशपची मुख्य चर्चं, आहेत आणि दोन्ही एकमेकांना चिकटून उभी आहेत. जुन्याचं काम 12व्या शतकात सुरू झालं, नव्याचं 1513 मध्ये. खरं तर नवं बांधायचं तर जुनं पाडायचं हीच तेव्हाची बऱ्याच ठिकाणची पद्धत, पण नवं तयार होईपर्यंत प्रार्थना कुठे करायची हा प्रश्न होता म्हणून जुनं राहू दिलं, आणि नव्याचं काम रेंगाळत रेंगाळत 1733 पर्यंत, म्हणजे 220 वर्षं चाललं. जुन्याचा उत्तरेकडचा थोडा भाग त्यात कापला गेला, बाकी सगळं वाचलं, आणि या उशिराबद्दल मला तरी मनापासून आनंदच वाटतो, कारण जुन्या कॅथेड्रलचा घुमट हा मध्ययुगातल्या बांधकामाचा अफाट नमुना आहे.

खाली चौकोनी जागा, चार जाड खांब, आणि वर बसवायचाय गोल घुमट. मग चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत दगडाचे वळणदार त्रिकोण वर चढवत नेले की वरती आपोआप गोल कडा मिळते. त्या कडेवर खिडक्यांचे दोन मजले, त्यावर 16 दगडी फासळ्या, आणि बाहेरून माशाच्या खवल्यांसारखे कापलेले दगड. घुमट नेहमी बाजूंना ढकलतो, तो फाकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार छोटे बुरूज उभे केलेत. दिसायला सजावट, पण काम वजनाचं. वरती कोंबड्याच्या आकाराचं वातकुक्कुट आहे म्हणून लोक याला कोंबड्याचा टॉवर म्हणतात.

आता दगड. शहरापासून अगदी जवळ विलामायोर नावाचं गाव आहे, तिथल्या खाणीतला हा सोनेरी वालुकाश्म. खाणीतून काढला की त्यात ओल असते, आत चिकणमातीही असते, त्यामुळे तो इतका मऊ असतो की पाथरवटाला हवी तेवढी बारीक नक्षी काढता येते, मग हवा लागून सुकला की तो कडक होतो आणि त्यातल्या लोहामुळे रंगही खुलत जातो. नव्या कॅथेड्रलच्या दारांवर जी पानं, प्राणी, माणसं, शिंपले यांची गर्दी आहे ती या दगडाशिवाय झालीच नसती, ग्रॅनाइटवर असलं काम करून बघा म्हणजे कळेल.

पण जी चिकणमाती छिन्नीला मदत करते तीच पुढे त्रास देते. पाणी लागलं की ती फुगते, सुकली की आकसते, आणि असं वर्षानुवर्षं झालं की दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. जमिनीतली ओल तर बारीक छिद्रांतून वर चढतेच. म्हणून सालामांकात बऱ्याच जुन्या इमारतींचे खालचे थर कमी पाणी पिणाऱ्या कठीण दगडाचे असतात आणि सोनेरी दगड त्याच्या वर सुरू होतो.

म्हणजे दुरुस्ती इथे सततचीच. 1992 मध्ये नव्या कॅथेड्रलच्या एका दाराची दुरुस्ती झाली तेव्हा पाथरवटांनी आपल्या काळाची खूण म्हणून त्यात एक अंतराळवीर कोरला. हेल्मेट, बूट, नळ्या, सगळं. त्याचा फोटो "शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांना अंतराळवीर माहीत होते" म्हणून फिरत असतो, ते साफ खोटं आहे, आणि ज्यांनी तो कोरला त्यांच्यावर अन्यायही आहे.

सगळ्यात कठीण परीक्षा 1 नोव्हेंबर 1755 ला झाली. पोर्तुगालची राजधानी लिस्बन उद्ध्वस्त करणारा भूकंप, केंद्र अटलांटिक समुद्रात, सालामांका शेकडो किलोमीटर लांब. पण मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा लांबवर पोहोचतात आणि उंच बांधकामांना नेमक्या त्याच जास्त हलवतात. नव्या कॅथेड्रलचा घुमट खिळखिळा झाला, तो नंतर नव्याने बांधावा लागला. 90 मीटरहून उंच घंटांचा टॉवर तर आधीच अडचणीत होता, कारण खालचा भाग जुन्या कॅथेड्रलचा आणि 1705 मध्ये वीज पडून आग लागल्यावर त्याच्याच डोक्यावर नवं भारी बांधकाम चढवलेलं. दगड दाब भरपूर सोसतो पण ताण, म्हणजे ओढ, फारसा सोसत नाही, त्यामुळे हादरा बसला की उभ्या भेगा पडतात आणि भिंती बाहेर फुगायला लागतात.

टॉवर उतरवून टाकावा असंही मत होतं. शेवटी त्याच्या खालच्या भागाला बाहेरून उतरत्या दगडी भिंतीचं आवरण घातलं आणि लोखंडी साखळ्या लालबुंद तापवून आवळल्या, बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तसं. तापलेलं लोखंड लांबतं, थंड झालं की आखडतं. 10 मीटर लोखंड 500 अंशांनी थंड झालं तर साधारण 6 सेंटिमीटर आखडू बघतं, आणि त्याला आखडायला जागाच दिली नाही तर ती सगळी ओढ आतल्या दगडांवर दाब बनून बसते. म्हणजे दगडाला जो ताण सोसत नाही तो लोखंडाने घेतला आणि दगडाकडे फक्त दाब ठेवला. 18व्या शतकात, कुठल्याही कॉम्प्युटरशिवाय!

त्या भूकंपाची आठवण म्हणून दर वर्षी 31 ऑक्टोबरला एक जण पारंपरिक कपड्यात या टॉवरच्या टोकाकडे चढतो, त्याला मारिकेलो म्हणतात. आपल्यालाही आतल्या जिन्याने टॉवरवर बरंच वर जाता येतं, आणि सालामांकाला गेलात तर ते चुकवू नका, कारण जुन्या घुमटावरचे ते खवले आणि कोपऱ्यांतले चार बुरूज खालच्या चौकातून नीट कळतच नाहीत, इथून मात्र घुमट कसा धरून ठेवलाय ते सरळ डोळ्यांसमोर येतं.